मिठूचं चहा-बिस्कीट

चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरात शिरलेल्या कुणालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. हा नियम माणसांपुरता असता तर बरं झालं असतं. ओसरीला टांगलेल्या पिंजऱ्यातला मिठूसुद्धा घरचाच, त्यामुळे सकाळी कपबश्या निघाल्या की घोटभर चहा त्याच्याही वाटीत पडतो. वर चहात बुडवून लिबलिबीत केलेलं ग्लुकोजचं बिस्कीट. "काय खाते जी तुमचा मिठू?" असं विचारावं, तर घरधनी छाती फुगवून सांगतो, "सारं खाते! भात, वरण, चिवडा, शेव. पोहे तं लई आवडते त्याले." मिठू मान तिरपी करून आपल्या कौतुकाला दुजोरा देतो आणि तेव्हा त्याची चोच नीट दिसते. पापुद्रे सुटलेली, रंग उतरलेला, वरचं टोक वाढून गळ्याकडे वळलेलं. पाहुणे म्हणतात, वय झालं असेल. वय कसलं, चिवडा आहे तो.

पोपटाची चोच हे मोठं नामी यंत्र आहे. आत हाड आणि वर केराटिनचं आवरण, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच. नखांसारखीच ती जन्मभर वाढत राहते. आमच्याकडे सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या कृपेने अडकित्ता घरोघरी असतो, पण अडकित्त्याचं एकच पातं हलतं. पोपटाचा खालचा जबडा तर हलतोच, शिवाय वरचाही कवटीशी बिजागरीने जोडलेला असल्यामुळे उचलला जातो. टोकाशी संवेदनशील मज्जातंतूंची दाटी असते, म्हणून दाण्याचं टरफल तो न बघता, नुसत्या स्पर्शाने सोलतो. याच चोचीचा आधार घेऊन तो फांदीवर चढतो. चढताना चोच खरोखरच तिसऱ्या पायाचं काम करते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मोजून दाखवलं. त्यांनी त्यासाठी लव्हबर्ड्स वापरले. आमच्या भागातली पोरं हे सांगून मोकळी झाली असती, फक्त त्यांच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं.

आता एवढं यंत्र दिल्यावर त्याला काम नको? ताडोब्याच्या बाजूला किंवा गडचिरोलीच्या रानात पोपटाच्या चोचीला दिवसभर उसंत नसते. फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलली की त्यांच्या फुलांतला रस. मग मोह फुलतो. बायामाणसं पहाटे टोपल्या घेऊन खाली फुलं वेचत असतात, आणि वर फांद्यांवर पोपटांची न्याहारी चाललेली असते. पुढे वड, उंबर, पिंपळाची फळं, शिरसाच्या शेंगा, बोरं, जांभळं. पावसाळा सरला की सिंदेवाही-मूल-ब्रह्मपुरीकडे धानाच्या लोंब्या भरतात, आणि मग शेतकऱ्याच्या तोंडून पोपटाबद्दल जे निघतं ते इथे छापण्याजोगं नाही. शेतकऱ्याचा राग मला पटतो. पोपट खातो थोडं आणि पाडतो फार. पेरूला एक चोच मारायची, टाकायचा, दुसरा धरायचा. पण या उधळपट्टीतच त्याचं आरोग्य आहे. बारा महिने जेवण बदलतं आणि सोलून, फोडून, कुरतडून चोच आपोआप घासली जाते. झाडाच्या ढोलीचं तोंड रुंद करायचं तेही चोचीनेच. रानातल्या पोपटाची चोच कापून द्यायला कुणी न्हावी जात नाही.

पिंजऱ्यात आला की हे सगळं बंद. बिस्कीट काही फोडावं लागत नाही. ज्यांना थोडं कळतं ते चहा टाळतात आणि वाटीभर सूर्यफुलाच्या बिया घालतात. त्यांचं समाधान जरा जास्तच पक्कं असतं, कारण बिया कशा 'नैसर्गिक'! पण या बियांत जवळजवळ निम्मं तेल, कॅल्शियम जेमतेम आणि अ जीवनसत्त्व नावाला. रानात हजार उड्या मारून पोपट ते तेल जाळेल. दोन फुटांच्या पिंजऱ्यात ते यकृतावर साचतं. आणि यकृत बिघडलं की त्याची एक खूण चोचीवर उमटते, ती भराभर आणि वेडीवाकडी वाढू लागते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडाची आतली त्वचा जाड होते आणि चोचीचे पापुद्रे सुटतात. मग घरातला कुणीतरी हुशार माणूस नेलकटर शोधतो. कृपा करा, तो जागेवर ठेवा. चोचीच्या आत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, चुकीची कापली तर रक्त थांबता थांबत नाही. ते काम पक्षी हाताळणाऱ्या पशुवैद्याचं. शिवाय चोच कापून यकृत बरं होत नाही.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र आमच्या आज्यांना बरोबर ठाऊक होती, ती म्हणजे मिरची. पोपटाला हिरवी मिरची घालणं हा मला लहानपणी दुष्टपणा वाटायचा. पण तिखटाची जी आग आपल्याला जाणवते ती कॅप्सेसिनमुळे, आणि ते ओळखणारी चेतापेशींवरची यंत्रणा पक्ष्यांत त्याला दाद देत नाही. गडचिरोलीची माणसं दर हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांच्या हातांची, डोळ्यांची आग रात्रभर जात नाही. मिठू तीच मिरची बियांसकट पेरूसारखी खातो. वर तिच्यातून त्याला अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो, तो लाल मिरचीत अधिकच. म्हणजे त्या सगळ्या पाहुणचारात शास्त्रशुद्ध पदार्थ एकच, आणि तोही आज्यांनी घातलेला.

आता कायद्याचं. आपला देशी पोपट घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आला. "आमचा तर पंधरा वर्षांपासून आहे, घरातलाच झाला" हे उत्तर मनाला भिडतं, कायद्याला भिडत नाही. पण म्हणून भीतीने पिंजऱ्याचं दार उघडून त्याला उडवून देऊ नये. ज्याने जन्मभर पोहे खाल्ले त्याला उंबर कुठे आणि ससाणा कुठे हे कोण सांगणार? त्याला वन विभागाकडे द्यावं. चंद्रपुरात वन्यजीवांसाठी उपचार केंद्र आहे.

बजरीगर किंवा कॉकाटिल असे परदेशी पक्षी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी बियांची वाटी आटोक्यात आणावी आणि रोज काही हिरवं-केशरी द्यावं. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई, कोहळं म्हणजे लाल भोपळा, आणि मिरची तर हवीच. चावायला कडुलिंबाची किंवा पेरूची ताजी फांदी. आणि काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतं, त्याचा तुकडा पिंजऱ्याला बांधावा. समुद्र आमच्यापासून कोसो दूर, पण चोच घासायला आणि कॅल्शियमला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. चहा, चॉकलेट, खारट शेव बंद. अ‍ॅव्होकॅडो पक्ष्यांना विषारी असतं. आमच्या आठवडी बाजारात ते अजून पोचलेलं नाही, एवढीच सोय.

फेब्रुवारी ते एप्रिल हा पोपटांच्या विणीचा काळ, आणि ढोलीतली पिल्लं काढून विकण्याचाही. रस्त्याकडेला कुणी टोपलीत पिल्लं घेऊन उभा दिसला तर दया येऊनसुद्धा विकत घेऊ नका. तुम्ही एक सोडवलं की तो दुसरी ढोली शोधतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.