घराण्यातले वकीलसाहेब

आमच्या घराण्यात पणजोबांना कुणी नावानं संबोधत नाही. ते 'वकीलसाहेब'. आत्याचं ऐकाल तर अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांची आणि त्यांची बैठक एकच. 1908 साली टिळकांच्या अपिलासाठी खापर्डे विलायतेला निघाले तेव्हा यांनाही बोलावणं होतं, पण कपाशीची डवरणी चालू होती म्हणून राहिलं. डवरणीपायी स्वातंत्र्यलढा हुकलेली घराणी घाटावर बरीच आहेत.

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात आमच्या मेहकरकडेही माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या. कोतवाल बुकं, पेरेपत्रकं, खरेदीखतं, वाळवीनं अर्धं वाचून संपवलेले कागद. आम्हाला हवी होती जात. सापडला पणजोबांचा धंदा.

मोडी वाचायला एक निवृत्त मास्तर आणले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "वकील नव्हते हे. अर्जनवीस होते."

सगळ्यात जास्त लागलं ते चुलतभावाला. तो खराखुरा वकील आहे आणि त्याच्या पाटीवर 'चार पिढ्यांची परंपरा' असं रंगवलेलं आहे. इंग्रजांच्या 1879 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये वकील, प्लीडर, मुखत्यार, रेव्हेन्यू एजंट अशी भली मोठी उतरंड आहे. कचेरीबाहेर झाडाखाली बसून अर्ज खरडणारा माणूस तिच्यात तळालाही नाही. 1896 मध्ये त्याच कायद्यात पक्षकार पळवून आणणाऱ्या दलालांची यादी लावायची सोय झाली. त्या यादीत तरी नाव नसावं, एवढीच भावाची इच्छा उरली.

मला मात्र हे पद वकिलापेक्षा मोठं वाटतं. वकिलाला निदान एक बाजू तरी असते. शिवाय आमच्या मुलखात कज्ज्यांना तोटा कधीच नव्हता, आणि का असावा? अख्खा वऱ्हाडच मक्त्यानं दिलेला! 1902 च्या करारानं निजामानं तो वर्षाला पंचवीस लाखांवर इंग्रजांना कायमचा लावून दिला. मालक हैदराबादेत, कूळ लंडनमध्ये. मग खालच्यांनी धुऱ्यावरून भांडायचं नाही तर काय करायचं?

असाच एक धुरा ट्रंकेत निघाला. दोन शेजारी, मधली वितभर जमीन आणि तिच्यावरची एक बाभूळ. पहिल्या कागदात वादी सांगतो की प्रतिवादी दरसाल वखर घालताना धुरा कोरतो, आणि हा मनुष्य 'मूळचाच लबाड' आहे. दुसऱ्या कागदात प्रतिवादी सांगतो की बाभूळ त्याच्या आजानं लावली, आणि वादी 'मूळचाच लबाड' आहे. मास्तर थबकले. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तेच वळण, तीच शाई, दोन्हींच्या तळाशी 'लिहिणार' म्हणून पणजोबांचं नाव, आणि पुढे घेतलेली फी.

म्हणजे सकाळी वादी येऊन गेला असणार आणि उन्हं उतरल्यावर प्रतिवादी. स्वतःच्याच युक्तिवादाला इतकं सणसणीत उत्तर देणारा कायदेपंडित विलायतेत तरी होता का, कोण जाणे. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "आज कुणी असं केलं तर सनद जाईल." यांच्याकडे सनदच नव्हती, तेव्हा तीही भीती नाही.

नव्वदीची आजी कोपऱ्यात सुपारी कातरत होती. सासऱ्यांची बदनामी तिला सहन झाली नाही.

"त्यात काय झालं बापा? दोघाईचे पैसे घरातच आले ना!"

भावाच्या अंगातला वकील तेवढ्यात जागा झाला. निकाल कुणाच्या बाजूनं लागला, हे त्याला लगेच हवं होतं. मास्तरांनी ट्रंकेच्या तळातून तिसरा कागद काढला. आपसनामा. धुरा पूर्ववत, बाभूळ सामाईक, शेंगा ज्याच्या शेळ्या आधी येतील त्याच्या. हस्ताक्षर अर्थात तेच.

"आणि याची फी कुणी दिली?" भावानं विचारलं.

मास्तरांनी चष्मा खाली ओढला आणि शेवटची ओळ वाचली : "निम्मी निम्मी."