बाबांनी हे पत्र जेवण झाल्यावर वाचावं

श्टुटगार्ट, जुलै

ती. सौ. आईस आणि ती. बाबांस,


इकडे आम्ही सगळे खुशाल. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस आणि बाबा मागून "काय म्हणतेय, काय म्हणतेय" करत राहतात. आजची गोष्ट सलग ऐकायची आहे. बाबा, आम्ही आंब्यात दही घातलं.

आता कारण ऐका. आमच्या इमारतीतली बिऱ्हाडं उन्हाळ्यात एका रविवारी अंगणात एकत्र जेवतात. आधी जिन्यापाशी कागद लागतो. ज्याने त्याने आपलं नाव आणि पदार्थ लिहायचा. यंदा मी खाली उतरेपर्यंत आमच्या नावापुढे 'मँगो लस्सी' लिहूनही झालं होतं. अक्षर वरच्या मजल्यावरच्या आजींचं. या आजी म्हणजे इमारतीच्या बिनविरोध सरपंच. इथे दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे जिना झाडायची पाळी असते, तशी पाटीच दाराला लटकते, आणि कोपरे राहिले की नाही हे आजी बघतात. आई, तुझं आणि त्यांचं फार जमलं असतं, किंवा मुळीच जमलं नसतं.

मी त्यांना समजावायला गेले की आमच्या घरी लस्सी कुणी करत नाही, आम्ही ताकाची माणसं. त्या म्हणाल्या, श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, तेव्हा मला सगळं ठाऊक आहे. आपली रत्नागिरी मुंबईपासून तीनशेवर किलोमीटर आणि लस्सी पंजाबची, हे मी जिभेवरून परत गिळलं. इथल्या भारतीय हॉटेलांत मँगो लस्सी असतेच, सुपरमार्केटात ती बाटलीतही मिळते. इथल्या लोकांना वाटतं, आपण सकाळी दात घासले की तीच पितो. तुमचे जावई म्हणाले, "देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे," आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.

ते घेऊन आले ब्राझीलचा आंबा. (पेरूचाही होता. देश, फळ नव्हे.) जात टॉमी ॲटकिन्स. गाल असे लालबुंद की वाटावं, आता बोलेल. आत नुसते दोरे, आणि वास शोधायला नाक आंब्यात खुपसावं लागतं. आपला हापूस इथल्या भारतीय दुकानांत एप्रिल-मेमध्ये विमानाने येतो, जुलैत त्याचं नाव काढायचं नाही. मग उरला डबा. साडेआठशे ग्रॅमचा, गुजरातच्या केसर आंब्याचा. हापूसच्या रसाचेही डबे मिळतात बाबा, पण हापूस परक्या अंगणात दह्याबरोबर मिसळायचा, एवढी मी अजून सुधारलेली नाही. केसरचा रंग गडद, दह्यात फिका पडत नाही, हे एक बरं. डब्यातल्या रसात साखर आणि सायट्रिक ॲसिड आधीच असतं, त्यामुळे चाखल्याशिवाय वरून साखर घालायची नाही.

तेवढ्यात मुलांना जोर चढला. शहराबाहेर स्ट्रॉबेरीची शेतं आहेत, आपणच वेचायची आणि जाताना वजनावर पैसे द्यायचे. वजन टोपलीचं होतं, पोटाचं होत नाही, हे चिरंजीवांनी शेतात शिरताक्षणी ओळखलं. उरलेल्या स्ट्रॉबेऱ्या साखर घालून अर्धा तास ठेवल्या, पाणी सुटल्यावर चेचून गाळल्या आणि दह्यात घुसळल्या. गुलाबी, आंबटगोड, फार सुंदर लागलं! खरं सांगू, मला आंब्यापेक्षा तेच आवडलं. पण कागदावर आंबा होता, आणि जर्मनीत कागदावर असेल तेच खरं.

कन्येने किवी घातली. लगेच प्यायली तर ठीक, पण तिने मैत्रिणींसाठी अर्धा जग फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी कारल्याचा रस! मग तिनेच मला शिकवलं की किवीतलं एक एन्झाइम दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. ताज्या अननसाचंही तसंच. डब्यातला अननस मात्र तापवलेला असतो, त्यात तो जोर उरत नाही. मी म्हटलं, तुझी आजी मटणाला कच्ची पपई चोळते ती याचसाठी. शाळेत हे सांगणार म्हणाली.

आता दही. इथे 'सौम्य' लिहिलेलं दही असतं. त्यात आपल्या नेहमीच्या दह्याहून निराळे जिवाणू असतात आणि आंबटपणा बेताचाच. त्यात आंब्याचा रस घातला की बाळाला भरवायची पेज तयार. मी दोन पेले करून पाहिले आणि मला बाबांचा चेहरा दिसायला लागला. बाबा, तुम्ही म्हणता आंब्यात आंबाच घालावा. पण पाडव्याला आम्रखंडाच्या दोन वाट्या कोण रिचवतं? आणि मावशीकडे दादरला गेलं की सामान ठेवायच्या आधी पीयूष प्यायला कोण जायचं? तिथेच मला वाट सापडली.

जर्मनीत क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, म्हणजे जवळजवळ आपला चक्का. इथली मराठी माणसं श्रीखंड त्याचंच करतात. डब्यावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला बघून घाबरू नकोस आई, तो पाणी वगळून उरेल त्याचा हिशेब आहे. पाचशे ग्रॅम क्वार्क फडक्यात बांधून दोन तास टांगला. मग त्यात चारशे ग्रॅम रस, जरा साखर, चिमटीभर मीठ, वेलची, जायफळ, दुधात खललेलं केशर. झालं आम्रखंड. त्यात अर्धा लिटर ताक (इथे डब्यात मिळतं, बिनमिठाचं) थोडं थोडं ओतत घुसळलं. झाला आंब्याचा पीयूष. मिक्सर लावला नाही. एक तर तो जास्त फिरला की सगळं पातळ होतं, आणि दुसरं, इथे रविवार म्हणजे शांततेचा वार. खिळा ठोकला तरी आजी खाली येतात. जावयांनी तारेच्या घोटणीने तासभर घुसळलं, आणि घोटणी भांड्याला लागली की स्वतःच "श्श!" म्हणायचे.

अंगणात तीन जग पहिल्या अर्ध्या तासात रिकामे झाले. आजींनी दोन पेले घेतले, तिसऱ्याचा तळ चमच्याने खरवडला आणि निकाल दिला: छान आहे, पण अस्सल नाही. अस्सल लस्सी याहून पिवळी असते आणि तिला नाताळच्या केकचा वास येत नाही. (वेलची इथे नाताळातच बाहेर निघते.) शेजारच्या तुर्की काकूंनी मात्र कृती लिहून घेतली.

दादा सप्टेंबरात येतोय ना, त्याला बजावून सांग. बाहेरून येताना दूध-दह्याचं काहीही युरोपात आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे, खवा, चक्का बॅगेत घालू नये. ताज्या फळांना सरकारी दाखला लागतो. दाखल्यावाचून चालतात अशी पाचच फळं: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. त्यातला नारळ आणावा, सोललेला. लाकडी रवी आणावी, लांब दांड्याची. कोकमाचं आगळ आणायचं तर बूच दोनदा बघावं, मागच्या खेपेला त्याने इथे महिनाभर जांभळे शर्ट घातले.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमची,
लेक