लोड लेटर

आमच्या बुऱ्हानपूरच्या लोधीपुऱ्यात जगभरचे बोहरी यात्रेकरू दर्गा-ए-हकीमीला येतात, माथा टेकतात, मनातलं मागतात आणि समाधानाने परत जातात. मी गेल्या सोमवारी एका कचेरीत गेलो. तिथेही सगळे हात जोडून उभे होते, पण प्रिंटरपुढे. नवस बोलायचा तेवढा राहिला होता.

मला हवा होता एका पानाचा दाखला. बडे बाबूंनी तो टाइप केला, सही करायला पेनही उघडलं, आणि प्रिंटची आज्ञा दिली. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा दिली. मग जरा जोर लावून दिली, जणू बटण हळू दाबलं म्हणून कागद रुसला होता. माझ्या डोळ्यांदेखत चौदा वेळा. प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द लुकलुकत होते : लोड लेटर.

“लेटर मागतोय,” बाबू म्हणाले. त्यांनी माझा अर्ज घेतला, त्यावर आवक क्रमांक आहे ना ते पाहिलं आणि अर्जच ट्रेमध्ये घातला. नियमाने बघायला गेलं तर यात चूक काय? सरकारी यंत्राने लेटर मागितलं, आम्ही लेटर दिलं.

मग निदानं सुरू झाली. कॅशियर म्हणाले, केबल ढिली आहे. भृत्याने कार्ट्रिज काढून पालखीतल्या देवासारखं हलवलं. बंद करून चालू करणं हा तर आपला राष्ट्रीय उपचार. तो तीनदा झाला. “ड्रायव्हर गेला असेल,” असं कुणी म्हणालं तेव्हा भृत्य निरागसपणे बोलला, “तो तर साहेबांना घेऊन खंडव्याला गेला.”

मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. काम मुदतीत झालं नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड, कमाल पाच हजार. कायदा करणाऱ्यांनी सगळा विचार केला, फक्त प्रिंटर कोणत्या श्रेणीचा अधिकारी ते लिहायचं राहून गेलं. “हाताने लिहून द्या की,” मी म्हणालो. बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुमताज महलचा मृत्यूचा दाखला मागतोय. (त्या १६३१ साली इथेच, बुऱ्हानपुरात वारल्या, तेव्हा प्रिंटरवाचून काही अडलं नव्हतं.) हाताने लिहिलेलं चालत नाही म्हणे. इथून चार पावलांवर बडी संगत गुरुद्वाऱ्यात हस्तलिखित ग्रंथ आजही श्रद्धेने जपलेला आहे. तो चालतो.

कागद कमी आहे म्हणावं, तर तसंही नाही. शेजारी नेपानगर, देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना. नेहरूंनी १९५६ साली येऊन राष्ट्राला अर्पण केला. कागदाच्या गावाला खेटून राहणारे आम्ही लोक, आणि अडलोय एका पानापायी.

रांगेत माझ्यामागे एक चाचा होते. उभा जन्म पॉवरलूमवर गेलेला. बराच वेळ त्यांनी हा तमाशा पाहिला. मग म्हणाले, “बाबूजी, कांडी अटकली है. आगेवाली निकालो, पीछे का माल अपने आप चलेगा.” मागावर कांडीवरचा बाण्याचा धागा तुटला की माग आपणहून थांबतो, कारागीर तुटलेलं टोक शोधतो, मागाला चौदा वेळा बटण दाबून दाखवत नाही. बाबू हसले. “चाचा, ये कंप्यूटर है.”

कोपऱ्यातला कंत्राटी ऑपरेटर पोरगा मात्र हसला नाही. त्याला ठाऊक होतं, संगणकात छापायच्या कामांची रांग सांभाळणाऱ्या भागाला स्पूलर म्हणतात आणि स्पूल म्हणजे रीळच, कांडीची सख्खी बहीण. त्याने रांग उघडली. सगळ्यात वर शुक्रवारपासून बसलेलं काम : साहेबांच्या मेहुण्याचं विमानाचं तिकीट, अमेरिकी मापाच्या कागदावरचं. त्या मापाचं नाव लेटर. साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए फोर त्याहून अरुंद आणि लांब. म्हणजे प्रिंटर तीन दिवस अमेरिकी कागदाची वाट पाहत होता, आणि त्याच्यामागे अख्खा मोहल्ला.

“काढून टाक ते,” मी म्हणालो. कचेरीत शांतता पसरली. साहेबांचं काम काढणार कोण? नोटशीट लागेल. २०२१ च्या जुलैत याच स्पूलरमध्ये असं भगदाड सापडलं होतं की खुद्द मायक्रोसॉफ्टला तो बंद ठेवण्याचा पर्याय सांगावा लागला. आमच्या कचेरीने तो सल्ला आजतागायत निष्ठेने पाळलेला दिसला. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत असाच एक अडेलतट्टू प्रिंटर होता. त्याचा प्रोग्राम दुरुस्त करायला मिळेना म्हणून तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन भडकले आणि पुढे १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच पुकारली. आमच्याकडे तेवढ्याच अडचणीतून तीन राउंड चहा निघाला.

बाबू चहाला उठले तेवढ्यात पोराने डाव साधला. स्पूलरची सेवा थांबवली, साठलेल्या फायली पुसल्या, सेवा पुन्हा सुरू केली. दोन मिनिटं. ट्रेमधून माझा अर्ज काढून कोरे कागद लावले. रांगेसोबत माझे चौदा दाखलेही गेले, पण त्याची हळहळ कुणाला? आता बाबूंचा संगणक मात्र अपडेट घ्यायला बसला, मोजून एकवीस टक्क्यांवर. पोराने दाखल्याची फाइल पेन ड्राइव्हने स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली, तार जोडली, आणि प्रिंटर घरघरला. पान आलं, गरम गरम, जिलबीसारखं.

बाबूंच्या संगणकावर हिंदीसाठी कृतिदेव फाँट. पोराच्या लॅपटॉपवर तो नव्हता. त्यामुळे ‘निवासी’च्या रकान्यात बुऱ्हानपूरच्या जागी इंग्रजी अक्षरांत छापलं होतं : सी क्यू जे जी के यू आय क्यू जे.

मी पान बाबूंपुढे धरलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, सही ठोकली, गोल शिक्का मारला.

“अब छप गया है,” ते म्हणाले, “अगला कौन?”