पळणारी भावकी

परभणी जिल्ह्यात तालुके नऊ, रेसकोर्स शून्य. पण कोणता घोडा येणार हे छातीठोकपणे सांगणारी माणसं कुठल्याही तालुक्यात मिळतील. त्याला इतिहास आहे. 1948 पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे आमचं खानदानी रेसकोर्स म्हणजे हैदराबादचं मलकपेठ; सहाव्या निजामानं, महबूब अली पाशानं, 1886 साली शर्यती तिथं आणल्या. मामांचे आजोबा म्हणे तिथं जाऊन आले होते. जाताना त्यांच्या कनवटीला काय होतं याच्या गोष्टी घरात अजून सांगतात. येताना काय होतं यावर कुणी बोलत नाही.

मामा स्वतः बैलवाले. लाल कंधारी आणि देवणी सोडून चार पायांवर काही चालतं, हे त्यांना तत्त्वतः मान्य नाही. मुंबईच्या डर्बीला ते निघाले ते घोड्याच्या प्रेमानं नव्हे, सुप्रीम कोर्टाच्या रागानं. 1996 साली कोर्टानं सांगितलं, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. 2014 साली त्याच कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या, 2023 मध्ये घटनापीठानंही मान डोलावली. पण पटाशिवाय गेलेली मधली वर्षं मामा विसरायला तयार नाहीत.

"घोडं पळालं की कौशल्य, अन् बैल पळाला की गुन्हा? चल, बघूच काय कौशल्य हाय ते."

एका निकालात प्रश्न जुगाराचा होता, दुसऱ्यात जनावरांच्या हालांचा, असं मी समजावून पाहिलं. मामांनी तंबाखू मळायला घेतली. मामांच्या घरात खटला तिथं संपतो.

डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, म्हणजे परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो त्याच सुमाराला. मामी म्हणाल्या, "उरुसात घोडे हायेत की. गोल फिरतात अन् परत जाग्यावर येतात. मुंबईचे काय येगळं करायलेत?" याला उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही देवगिरी एक्सप्रेस पकडली.

डब्यात मी मोबाइलवर रेसकार्ड उघडलं आणि मानवत रोड यायच्या आत आमच्या बाकाचं तज्ज्ञ मंडळ झालं. घोड्याचं नाव, त्याचा बाप, आई, रंग, जॉकी, वजन, मागच्या शर्यतींतले नंबर, सगळं त्यात असतं. रंगाला मामा अडले नाहीत. मी "तपकिरी, काळी आयाळ" म्हणालो की ते "कुमेत". मी "लालसर" म्हणालो की ते "सुरंग". आजोबांनी मलकपेठहून निदान शब्द तरी परत आणले होते.

वंशावळीपाशी मात्र गाडी थांबली. जगातला प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाकडून मोजत मागं गेलं तर तीनच घोड्यांपर्यंत पोचतो: डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क, गोडॉल्फिन अरेबियन. हे तिघे इंग्लंडात नेले गेले आणि त्यांच्यापासून ही जात वाढली.

"तीनच बाप?" मामा उठून बसले. "म्हंजी ही सगळी भावकीच! मग पळणारच की. भावकीत एकाला पुढं जाऊ देतंय का कुणी?"

पेडिग्री या विषयावर याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही.

हँडिकॅप शर्यतीचा नियम ऐकून तर ते हळहळले. जो घोडा जास्त जिंकतो त्याच्यावर जास्त वजन. स्वार हलका भरला तर खोगिरात शिसं घालून भरती करतात. "आपल्यातबी हेच," ते म्हणाले, "जो बैल चांगला चालतो त्यालाच समदे जुंपतात." डर्बीत तसं नसतं. सगळे चार वर्षांचे, अंतर 2400 मीटर, वजन सारखं. फक्त घोडीला दीड किलोची सूट. आणि 1943 ची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलनं, म्हणजे घोडीनंच, मारली होती.

जालन्याला चढलेले बियाण्याचे एजंट म्हणाले, घोडा बघूच नये, जॉकी बघावा. बी कितीही चांगलं असलं तरी पेरणारा कोण हे महत्त्वाचं. वरच्या बर्थवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा होता. त्यानं खाली डोकावून स्क्वॉन्डरर नावाच्या घोड्याची माहिती पुरवली: 19 शर्यती, 18 विजय. डबा गप्प झाला. प्रत्येकजण त्या उरलेल्या एका शर्यतीचा विचार करत होता, कारण आपण घोडा लावला असता तो नेमका त्या दिवशी, याची प्रत्येकाला खात्री होती. संभाजीनगरच्या एका काकांनी आम्ही कुठले ते विचारलं आणि ऐकून हसले. "मग काय, बनी तो बनी, नहीं तो परभणी! तुमचं तर परतीचं धोरण ठरलेलंच आहे."

सकाळी दादरला उतरून लोकलनं महालक्ष्मी. हे रेसकोर्स 1883 चं. मुंबईसारख्या, हातभर जागेसाठी माणसं कोर्टात जातात अशा शहरात, एवढं गवत मोकळं पाहून मामांनी प्रथम किती एकर ते विचारलं, मग पाणी कुठलं, आणि मग "नुसतं गवतच?" असं म्हणून सुस्कारा सोडला. यातली 120 एकर आता पालिकेच्या उद्यानाला गेली, हे मी सांगितलं नाही. भूसंपादनाच्या गोष्टी मामा मनाला लावून घेतात.

गर्दीचे दोन भाग होते. एक हॅट घालून घोड्यांकडं पाठ करून फोटो काढणारा, दुसरा 'कोल' नावाच्या पुस्तकात डोकं खुपसून घोड्यांकडं अजिबात न बघणारा. घोडे बघायला आलेले आम्ही दोघंच. पॅडॉकच्या कठड्याशी मामा उभे राहिले आणि बैलबाजारातला डोळा सुरू झाला. खूर, गुडघा, छाती, शेपटीचं मूळ. दात बघायची त्यांची फार इच्छा होती, पण तशी सोय प्रेक्षकांना नाही.

"चार वर्षांचे कशावरून?"

शेजारचे दुर्बीणवाले आजोबा म्हणाले, "सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारीच धरतात."

"असं व्हय. आमच्या गुरुजींनी समद्यांचा एक जून लिवला, तसंच." मामांचाही एक जूनच आहे.

मग भोवरे. सात नंबरच्या घोड्याला देवमण आहे, गोम नाही, असा निकाल मामांनी दिला. मला वाटलं आजोबा हसतील. त्यांनी उलट सांगितलं की रेसच्या घोड्याच्या पासपोर्टात अंगावरचे भोवरे नोंदलेले असतात, ओळख पटावी म्हणून. मामांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही.

आजोबांचा होरा तीन नंबरचा, सकाळच्या सरावाच्या वेळांवरून. मागच्या हॅटवाल्या मुलीचा पाच, कारण जॉकीचा जांभळा शर्ट तिच्या पर्सला मॅच होत होता. मी शास्त्रशुद्ध सरासरी काढून फेव्हरिट घेतला. पैजेवरचा जीएसटी 2023 मध्ये 28 टक्के होता आणि सप्टेंबर 2025 पासून 40 झाला, तेव्हा घोडा कोणताही येवो, सरकार प्लेसमध्ये असतंच. मामांनी शंभर रुपये सातवर लावले. बोलून दाखवताना मात्र ते 'कोर्टाच्या तोंडावर' असे होते.

एवढा रात्रभराचा प्रवास, आणि शर्यत अडीच मिनिटांत आटोपली. शेवटच्या वळणावर मामा "हर्रर्र, सर्जा!" असं ओरडले तेव्हा दोन हॅट वळल्या. आला नऊ नंबर. तो आमच्यापैकी कुणीच घेतला नव्हता, पण पाच मिनिटांत तो का येणारच होता हे सगळे सांगू लागले. आजोबांनी 'कोल'वर बोट ठेवलं, "बघा, बाप कोण आहे. तुमच्या सातचा आणि याचा बाप एकच."

मामांनी फेकायला काढलेली चिठ्ठी परत खिशात घातली आणि तडक बुकीकडं निघाले. मी मागं पळालो. पोचलो तोवर ते बोलून चुकले होते.

"नऊ अन् सात सख्ख्या बापाचे हायेत. समदं नका देऊ, पण निम्म्यावर आमचा हक्क लागतो."

बुकीनं चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली, मामांच्या टोपीकडं पाहिलं, आणि हात पुढं केला.

"सातबारा आणलाय?"