ओट्याचा जागल्या

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींचं पुढे काय होतं, या प्रश्नाचं उत्तर पूर्वी सोपं होतं. सकाळी पार, दुपारी पेपर, गुरुवारी शेगाव. आता गुरुजी फंडाच्या पैशातून लेआउटमध्ये घर बांधतात, पोरगा पुण्याहून फोनवर सांगतो, 'बाबा, ओटा क्वार्ट्झचाच टाका,' आणि एक नवा नमुना तयार होतो. रोही-रानडुकरांपासून पीक राखायला माणूस शेतात जागलीला जातो, तसे हे गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. शेतातला जागल्या डुक्कर दिसलं की हाकारे घालतो. यांना बायको दिसली तरी पुरतं.

नांदुरा, मलकापूर, खामगाव, चिखली. कुठल्याही नव्या वस्तीत हे भेटतील. बाईंनी सगळा जन्म कडप्प्याच्या ओट्यावर रांधलं, तेव्हा तो ओटा काळा आहे की निळा हेही यांनी पाहिलं नव्हतं. आताच्या ओट्यावरही त्यांनी साधा चहा केलेला नाही. पण राखण करायला पीक स्वतः पेरलेलं असावं लागतं, असं थोडंच आहे!

पाहुण्याच्या चपला निघायच्या आत ओटादर्शन सुरू होतं. "हा साधा दगड नव्हे. मोज्‌च्या मापावर कठीणता सात! संगमरवर तीनवरच थांबतो." इथवर ठीक आहे, गुरुजी विज्ञान शिकवायचे. पण पुढे आवाज खाली आणून ते सांगतात, "आपल्या लोणारच्या सरोवराइतका जुना असंल बरं हा." हे संशोधन त्यांचं स्वतःचं. लोणारचं विवर आहे बेसाल्टमध्ये, आणि हा ओटा तर अखंड शिळा म्हणून कुठल्याच खाणीतून निघत नाही. क्वार्ट्झची खडी आणि भुकटी वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास, बाकी रेझिन आणि रंग; हे मिश्रण कंप देत, हवा काढत, दाबून कारखान्यात त्याची लादी बनते. इटलीच्या ब्रेटन कंपनीने हे तंत्र आणलं. म्हणजे गुरुजींच्या ओट्यापेक्षा खुद्द गुरुजी वयाने बरेच मोठे आहेत.

खरी मेख त्या रेझिनमध्ये आहे. दगड कठीण, पण त्याला धरून ठेवणारं हे रेझिन नाजूक. खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं पडलं की ते पिवळं पडतं, आणि दीडशे अंशांच्या आसपासची उष्णता त्याला सोसत नाही. भाकरीचा तवा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. त्यामुळे पऱ्हाटीच्या आरावर भाजलेली वांगी भरितासाठी आत आली की गुरुजी खुर्चीवरून उठतातच. शाळेतली प्रमाण मराठी तिथेच गळून पडते. "अवं, खाली पाट घे ना! अन् तो खलबत्ता कायले आपटतं? कोपरा उडन ना!" (सिंकजवळचा कोपरा खरंच कच्चा असतो, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.) बाई शांतपणे विचारतात, "मले सैपाक करू देता का, का अंगनात चूल मांडू?"

पिठल्याचा शिंतोडा हा दुसरा शत्रू. क्वार्ट्झ ग्रॅनाइटसारखा पाणी पीत नाही, त्याला सीलर लागत नाही. तरी हळद रात्रभर राहिली तर पांढऱ्या ओट्यावर पिवळी सही ठेवून जाते. लगेच पुसली तर काही नाही. राहिलीच तर खाण्याच्या सोड्याचा पातळ लेप मऊ फडक्याने हलक्या हाताने चोळायचा. स्टीलचं भांडं घासून उमटलेल्या करड्या रेघाही त्याच लेपाने जातात. हा सुरी-भांड्याचा धातू दगडावर उतरलेला असतो. गुरुजी त्याला तडा समजून दुकानदाराला फोन लावतात.

आणि पाणी! शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद म्हणजे पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की मागे पांढरं वर्तुळ. त्यावर गुरुजींच्या मित्रमंडळाकडे तीन उपाय असतात: संडासाचं ॲसिड, ब्लीच आणि तारेची घासणी. तिन्हींनी डाग जाण्याआधी चकाकी जाते. आजीबाईंची चुलीची राखही नको. पाणी वाळूच द्यायचं नाही, एवढाच उपाय. तरी वर्तुळ उमटलंच तर पाणी घातलेलं व्हिनेगर फिरवून लगेच धुवायचं. बाई पहिल्या दिवसापासून हेच करताहेत. त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

आता एक हमखास घडणारी गोष्ट. बाई भाचीच्या लग्नाला माहेरी जातात, गुरुजी दूध तापवतात, दूध उतू जातं, आणि घाबरून ते पातेलं ठेवतात थेट ओट्यावर. गोल, पिवळसर, कायमचा डाग. रेझिन भाजलं की सोड्याने निघत नाही. त्यानंतर त्या जागी गजानन महाराजांच्या प्रसादाचा डबा असतो आणि तो कोणी हलवायचा नाही, असा नियम असतो.

या माणसाचा मला राग येत नाही. एक गोष्ट सोडून. ओटा बसला त्या दिवशी कारागीर पोरगा पोर्चमध्ये कोरड्या ग्राइंडरने लादी कापत होता, तोंडाला नुसता रुमाल. पांढऱ्या ढगात गुरुजी उभे होते आणि कड सरळ येते की नाही ते पाहत होते. घरात बसलेला ओटा कोणाला काही करत नाही. कापतानाची सिलिकाची धूळ मात्र फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. तुमच्याकडे ओटा बसणार असेल तर पात्यावर पाणी सोडायला लावा, पोराला चांगला मास्क द्या, आणि राखणीला उभं राहायचंच असेल तर तिथे राहा.

बाकी रोजची निगा म्हणजे भांड्याचा सौम्य साबण, एक मऊ ओलं फडकं आणि मागून एक कोरडं. तुमच्या घरी असा जागल्या असेल तर ही दोन्ही फडकी त्याच्याच हातात द्या. रात्रीच्या जेवणानंतर, रोज.