माळ गळ्यात, कोळसा पोटात

अहो, ऐकलंत का? सिनेमावाल्यांची लफडी परवडली, इतकं त्या मोठमोठ्या बँका नि फंडवाल्यांचं चाललंय! काही वर्षांपूर्वी जो तो पर्यावरणाच्या नावाने आणाभाका घेत होता. आता तीच मंडळी कोर्टाच्या तारखा मोजताहेत. शिव शिव!

डॉइशे बँकेच्या घरातली डीडब्ल्यूएस घ्या. काम काय, तर लोकांचा पैसा गुंतवायचा. २०२०च्या वार्षिक अहवालात केवढा तोरा! म्हणे, ४५९ अब्ज युरोंची गुंतवणूक आम्ही पर्यावरण, समाज आणि स्वच्छ कारभार (ईएसजी) या कसोट्यांवर पारखलीय. कंपनीच्याच शाश्वतता-प्रमुख देझिरे फिक्सलर बाई म्हणाल्या, हे फुगवून सांगताय. तर मार्च २०२१ मध्ये बाईंनाच नारळ! आणि पुढच्या अहवालात तो आकडा किती असावा? ११५ अब्ज! अगं बाई, बाकीचे ३४४ अब्ज गेले तरी कुठे? कुठेही नाही हो. पैसे जागेवरच होते, विशेषण तेवढं उडालं. मग ३१ मे २०२२ला फ्रँकफर्टच्या कचेरीवर धाड. पन्नासेक अधिकारी कपाटं उघडताहेत, आणि लगेच मुख्य कार्यकारी साहेबांचा राजीनामा. दंड म्हणाल तर २०२३ मध्ये अमेरिकेत १.९ कोटी डॉलर आणि एप्रिल २०२५ मध्ये घरच्या सरकारी वकिलांकडून अडीच कोटी युरो.

एचएसबीसीचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये हवामान परिषदेच्या तोंडावर लंडन आणि ब्रिस्टलच्या बसथांब्यांवर पोस्टर लागली : आम्ही वीस लाख झाडं लावायला मदत करतोय. तेल-वायूवाल्यांना देतो त्या पैशाबद्दल मात्र चकार शब्द नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने वर्षभराने ती बंद करायला लावली. त्याच २०२२ मध्ये बँकेच्या फंड शाखेचे 'जबाबदार गुंतवणूक'प्रमुख स्टुअर्ट कर्क दुसऱ्याच एका परिषदेत उघड बोलून गेले, की शंभर वर्षांनी मायामी पाण्याखाली गेलं तर आपल्याला काय त्याचं! झालं, आधी निलंबन, मग राजीनामा. बढाई मारली तर जाहिरात गेली, मनातलं बोलले तर नोकरी गेली. माणसाने करायचं काय?

ऑस्ट्रेलियात मर्सरने निवृत्तीच्या पैशासाठी 'सस्टेनेबल प्लस' पर्याय काढले. दारू नाही, जुगार नाही, कोळसा-तेलाचा विटाळ नाही. नियामकाने यादी उलगडली, तर तिन्ही हजर! गळ्यात तुळशीची माळ आणि मागच्या दाराने मटणाचा रस्सा, दुसरं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये १.१३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड बसला.

आणि आता खरा मसाला. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॅनगार्डच्या ऑस्ट्रेलियन शाखेला १.२९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. 'नीतिमान' म्हणून विकलेल्या रोखे फंडातल्या सुमारे ७४ टक्के गुंतवणुकीची मुळी छाननीच झालेली नव्हती. म्हणजे हिरवेपणा कमी पडला. दोनच महिन्यांनी अमेरिकेत टेक्साससह अकरा राज्यांनी व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉक आणि स्टेट स्ट्रीट या तिन्ही बड्या फंड कंपन्यांना कोर्टात खेचलं. आरोप काय? तुम्ही संगनमत करून कोळशाचं उत्पादन दाबलंत, विजेचे भाव वाढवलेत. म्हणजे हिरवेपणा जास्त झाला! इकडे आड, तिकडे विहीर.

पण जरा कान इकडे करा. दंडाची ही सगळी प्रकरणं चाळून बघा. कोळशात पैसे घातले म्हणून यातला एकही दंड झालेला नाही. सांगितलं एक आणि केलं भलतंच, म्हणून झालाय. मग हुशार मंडळींनी काय करावं? कोळसा सोडावा? छे! सांगणं सोडलं! २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाजतगाजत निघालेली बँकांची 'नेट झिरो', म्हणजे निव्वळ शून्य कार्बन-उत्सर्जनाचं वचन देणारी, आघाडी आठवते? डिसेंबर २०२४ मध्ये गोल्डमन सॅक्सने पाय काढला, मागोमाग बाकीच्या बड्या अमेरिकन बँका, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आघाडीचाच गाशा गुंडाळला. वचनच नाही, तर वचनभंग कसला?

म्हणून मला ते पॅरिसवाले जास्त खमके वाटतात. तीन संघटनांनी २०२३ मध्ये बीएनपी पारिबावर दावा ठोकला, तो जाहिरातीवरून नव्हे, थेट तेल-वायूला दिलेल्या पैशावरून. फ्रान्समध्ये २०१७चा कायदा आहे : मोठ्या कंपनीने आपल्या उद्योगातून होणारी हानी ओळखून ती टाळायची पावलं उचलायलाच हवीत. असे दावे टिकले, तर गप्प बसूनही सुटका नाही. खरी धडकी भरायची ती तेव्हा!

आपल्याकडे? सेबीने २०२३ पासून ईएसजी फंडांना अट घातलीय, की निदान ८० टक्के पैसा सांगितलेल्या धोरणातच घाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही हवामान-जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. तेव्हा दुसऱ्यांच्या भानगडी चघळून झाल्या असतील, तर आपल्या म्युच्युअल फंडाची दर महिन्याची यादी उघडा. नावात 'ग्रीन' असेल, तर शेवटपर्यंत वाचा. आणि तो शब्द गुपचूप गळला असेल, तर दोनदा वाचा!