रिकाम्या टीव्हीवर घरचे फोटो लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

भिंतीवरचा ४३ इंची टीव्ही बंद असला की नुसता काळा ठिक्कर दिसतो. समोर बसलेल्या पाहुण्याला त्यात स्वतःचं तोंड, मागचं कपाट आणि कपाटावर कोंबलेल्या गोधड्या असं सगळं एकदम दिसतं. यावर कंपन्यांनी तोडगा काढला आहे. टीव्ही चालू आहे पण कोणी काही बघत नाही, अशा वेळी पडद्यावर आपल्याच घरचे फोटो एकामागून एक फिरत राहतात. मुळात ही सोय पडद्याच्या भल्यासाठी निघाली, कारण काही जातीच्या पडद्यांवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग उमटून बसतो. आता तीच सोय घराण्याच्या इभ्रतीच्या कामी आली आहे.

बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, पलीकडे आळंद, सगळीकडे हे टीव्ही लागले. बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो तेव्हाही त्याच्या उशाशी बायको-पोरांचे फोटो फिरत असतात. पण सीमाभागातल्या मराठी कुटुंबाला याचं अधिकृत मार्गदर्शन अजून कोणी केलेलं नाही. कर्नाटक सरकारनं केलं तर ते कन्नडमध्ये करील. महाराष्ट्र सरकार २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्नावर केला तसा आपल्यासाठी एकमतानं ठराव करील. तोवर हे चालवून घ्या.

आधी भिंत. बीदरकडची जुनी घरं जांभ्या दगडाची. हा दगड वरून टणक, आतून भोकाभोकांचा. त्यात ड्रिल जितक्या सहज जातं तितक्याच सहज स्क्रू बाहेर येतो, म्हणून टीव्ही बसवायला आलेल्या पोराआधी गवंड्याला बोलवा. ज्या जागी टीव्ही बसवायचा तिथं बहुधा चौकटी असतात. वर माणिकप्रभू नाहीतर गाणगापूरच्या पादुका, खाली पणजोबा. दोरीवर पुढं झुकलेला फोटो, मागच्या फटीत चिमणीनं आणून ठेवलेल्या काड्या. कोट भाड्याचा, हातातलं घड्याळ फोटोग्राफरचं, चेहरा तेवढा स्वतःचा. या भिंतीला नियम होते. हार फक्त गेलेल्यांना. सून आली की एक चौकट वाढे, पण जावयाशी कितीही बिनसलं तरी त्याची चौकट काढत नसत, कारण तिच्यामागचा चुना तेवढाच पांढरा राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं कळे.

फोटो ही एके काळी दरबारी चैन होती. सहाव्या निजामानं फोटोग्राफर लाला दीनदयाळांना पदरी ठेवलं, राजा हा किताब दिला. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि त्याचा कारभारही एका बाईकडेच सोपवला. पडद्यातल्या बायकांची छबी परक्याच्या नजरेला पडू नये, एवढी ती काळजी. त्याच निजामाच्या जुन्या मुलखात आज थोरल्या वहिनींचा हळदीतला फोटो दूधवाल्याला, गॅसवाल्याला आणि मतं मागायला आलेल्या उमेदवाराला सारख्याच निवांतपणे बघायला मिळतो. टीव्हीचंही तसंच. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून देशातल्या २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले आणि त्यात गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) जिल्ह्यातली खेडीही होती. गावात एक संच, त्याच्यापुढं अख्खं गाव, आणि पडद्यावर शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. आता टीव्ही घरोघरी आला, आणि पडद्यावर फिरतात ती नियोजन न पाळल्याची प्रत्यक्ष उदाहरणं.

कृतीला लागण्यापूर्वी मेनूची भाषा ठरवायला घरच्यांची बैठक घ्यावी. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पणजोबांचं शिक्षण निजामाच्या उर्दूत, आजोबांचं मराठीत, बापाचं कन्नडमध्ये आणि पोरांचं इंग्रजीत झालेलं असतं. टीव्हीत या चारही भाषा निघाल्या तर वाद संध्याकाळपर्यंत चालतो. शेवटी इंग्रजी ठरते. ती घरात कोणालाच धड येत नसल्यामुळे कोणावर अन्याय होत नाही.

मग मुख्य काम. फोनमधले फोटो गूगल फोटोजवर चढलेले असतातच. १ जून २०२१ पर्यंत ते फुकट, हवे तेवढे चढत होते, म्हणून आपण दिसेल त्याचा फोटो काढत सुटलो. आता १५ जीबीनंतर पैसे पडतात, पण हाताची सवय गेलेली नाही. फोनवर एक वेगळा अल्बम करा. टीव्हीत त्याच खात्यानं आत शिरा, सेटिंगमध्ये स्क्रीनसेव्हर किंवा अँबियंट मोड असं काही सापडेल, तिथं गूगल फोटोज निवडून तोच अल्बम दाखवा. काही टीव्हींना हे फोनवरच्या गूगल होम अ‍ॅपमधून सांगावं लागतं. स्वस्तातल्या टीव्हीला यातलं काहीच समजत नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यात जेपीजी फोटो भरा. मात्र तो टीव्ही आपण होऊन काही दाखवणार नाही, दर वेळी कोणीतरी उठून चालू करायला हवं. हे काम घरात ज्याला काही काम नाही त्याचं. आयफोनचे एचईआयसी फोटो बरेच टीव्ही उघडत नाहीत. पुण्याच्या आयटीवाल्या भाच्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ‘सगळं टाकून दिलंय मामा’ म्हणत रात्रीच्या गाडीनं निघून जातो आणि आपण काळा पडदा बघत बसतो.

वेगळा अल्बम करा, असं वर साध्या अक्षरांत लिहिलंय, पण ते पाटीवर रंगवून टीव्हीखाली टांगायला हवं. आळस करून सगळेच फोटो टीव्हीच्या हवाली केलेत तर काय होतं ते नीट समजून घ्या. आपल्या फोनात माणसं कमी आणि कागद जास्त असतात. पहाणीचा उतारा, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, पासबुकाचं पहिलं पान, बोअरच्या मोटारीवरची पाटी, रेशन दुकानाबाहेरची यादी. आजोबांच्या पायाची जखम, डॉक्टरांना पाठवायला तीन कोनांतून काढलेली. कृषी सेवा केंद्रात दाखवायला काढलेली तुरीवरची अळी, जी ४३ इंचांवर अजगराएवढी दिसते आणि नेमकी पाहुण्यांच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवताना येते. एका घरी मुलगी बघायचा कार्यक्रम चालू असताना पडद्यावर सोसायटीच्या थकबाकीची नोटीस झळकली. ज्याच्या नावानं होती तो मुलीचा बाप घाईघाईनं रिमोट शोधू लागला. मुलाकडच्यांनी ती पूर्ण वाचून काढली, चष्मा लावून. पुढची बोलणी फार सोपी झाली, कारण हुंड्याचा विषयच कोणी काढला नाही. तेव्हा असा फोटो मुद्दाम अल्बमात ठेवण्याबद्दलही विचार करायला हरकत नाही.

अल्बम भरायचं काम यंत्रावरही सोडता येतं. माणसं निवडली की त्यांचे चेहरे ओळखून ते फोटो आपणच गोळा करतं. पण त्याला चेहरा कळतो, नातं कळत नाही. मोडलेलं लग्न त्याच्या लेखी हसऱ्या माणसांचा साखरपुडाच असतो. अशा व्यक्तींना लपवण्याची सोय आहे, ती वेळेवर वापरा. त्याहून धोक्याची गोष्ट उभ्या फोटोंची. टीव्ही आडवा, आपण फोटो काढतो उभे. मग काही टीव्ही रिकामी जागा भरायला दोन उभे फोटो शेजारी-शेजारी लावतात. कोण कोणाशेजारी, हे तोच ठरवतो. भालकीच्या कोर्टात वाटणीच्या दाव्याच्या तारखा भोगणारे दोन चुलते त्यानं खांद्याला खांदा लावून उभे केलेले लोकांनी पाहिले आहेत, दोघंही हसताना. वकिलाला हे कळवू नये.

त्यात नातेवाईक मोजतात, हे धरून चला. बहिणीचा नवरा चहा अगदी हळू पितो तो चहा गरम आहे म्हणून नव्हे. आपला फोटो येतो का, आला तर किती वेळानं, आणि साडूचा किती वेळा, हे सगळं त्याच्या मनात नोंदवलं जात असतं. उपाय एकच. सासरचा, माहेरचा, लातूर-सोलापूरकडचा, कलबुर्गीकडचा असे अल्बम निरनिराळे ठेवा, आणि पाहुणा दारात चपला काढत असतानाच फोनवरून अल्बम बदला. दोन बाजूंचे पाहुणे एकदम आले तर सरळ बातम्या लावा.

नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवाल तर तेही सांगून ठेवतो. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा होतो, आणि फोर-के पडदा ३८४० पिक्सेल रुंद. फोनवर तुकतुकीत दिसणारी मावशी टीव्हीवर पीठ उडाल्यासारखी धुरकट येते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मावशीला डॉक्युमेंट म्हणजे काय ते समजावण्यात एक दुपार जाते, पण त्या निमित्तानं मावशीशी बोलणं होतं.

आज्जीचा प्रश्न सर्वांत अवघड. तिच्या हिशेबी फोटो दोनच प्रकारचे, हार असलेला आणि नसलेला. टीव्हीला हार घालता येत नाही. आजोबा जाऊन सात वर्षं झाली, त्यांचा फोटो येतो, त्यामागोमाग सोयाबीनची मळणी, आणि त्यामागून आज्जी स्वतः. ‘ह्यांच्या मागंच लावलास की मला! मी काय मेले का रं?’ असं ती विचारते आणि त्याचं तांत्रिक उत्तर कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत नाही. फोटो येण्याचा क्रम उलटसुलट ठेवण्याची सोय काही टीव्हींत असते, पण तशा क्रमातही कधी ना कधी ते दोघं पुन्हा एकामागोमाग येतातच. काही घरांनी गेलेल्यांचा अल्बम वेगळा केला आणि तो फक्त पितृपक्षात लावतात. मला हे पटतं. काहींनी फोटोवरच हाराचं चित्र चिकटवलं, तेही चालेल, फक्त हार योग्य माणसाला गेलाय की नाही ते दोनदा बघा.

फोटो किती वेळानं बदलायचा हेही ठरवावं लागतं. पाच सेकंद ठेवलं तर आज्जीला चष्मा सापडेपर्यंत माणूस निघून जातो. दहा मिनिटं ठेवलं तर आलेल्या पाहुण्याला वाटतं, या घरात फोटो एकच. मिनिटभर बरं.

आता विजेचं. गृहज्योती योजनेचा शुभारंभ ५ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या कलबुर्गीतच झाला, तेव्हा नियम सर्वांना पाठ असायला हरकत नाही. २०२३ मध्ये ठरलेला नियम असा: २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी, अधिक १० टक्के, एवढी वीज फुकट, आणि एकूण वापर २०० युनिटच्या आत. ४३ इंची टीव्ही ८० वॉट खातो असं धरलं आणि फोटो दिवसाचे १२ तास फिरले तर रोज जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९. तुमची सरासरी ९० असेल तर फुकट ९९, वापर ११९, वरच्या २० युनिटांचे पैसे जेस्कॉम या वीज कंपनीला. आणि वापर २०० च्या पुढं गेला तर अख्खं बिल तुमचं. साडूचा फोटो दिवसभर दाखवण्यासाठी एवढं मोजायची तयारी असेल तर टीव्ही खुशाल चालू ठेवा. नसेल तर पाहुणे गेल्यावर रिमोटनं नव्हे, भिंतीवरच्या बटणानं बंद करा.